रबराच्या झाडाची गुटी

टर्रर्र... टक्. टर्रर्र... टक्.

दुपारच्या चिडीचूप घरात तेवढाच आवाज उठला आणि मायाक्काच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. गिरणीचा भोंगा मघाशीच होऊन गेला होता. आतल्या खोलीत सुंदरम्मा सिस्टर डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडल्या होत्या, आणि पाच वर्षांची सोनी गार फरशीला गाल लावून झोपली होती. मायाने वर पाहिलं. कोपऱ्यातल्या रबराच्या झाडाचं शेंड्याकडचं पान आज अखेर पंख्यापर्यंत पोचलं होतं. पातं फिरायचं आणि पानाचा एकेक कपटा उडवायचं. सोनीच्या केसांत हिरवा सडा पडला होता.

"बाई, पंखा बंद करा की आधी! भाजी चिरायला लावलीया व्हय झाडाची?"

आवाज खिडकीतून आला. कुंपणापलीकडे एक जण सायकल धरून उभा होता. सायकलच्या मागं लाकडी खोकं, खोक्यात मोगऱ्याची, जास्वंदीची, डाळिंबाची रोपं, वर ओलं गोणपाट.

"भाजीच आहे," मायाने बटण बंद करत म्हटलं. "जेवायला थांबता का?"

म्हणाली आणि जीभ चावली. तीन वर्षांत परक्या माणसाशी ती असं बोलली नव्हती. कुठून आलं हे तोंडात?

तो मात्र अगदी गंभीरपणे विचार करून म्हणाला, "थांबलो असतो. पर रबराचा चीक लई वाईट. हाय त्या जेवणालाबी मुकायचो."

मायाने पदर सावरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. हसू लपवायला तेवढीच जागा होती.

तीन वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, मायाचा नवरा भिमा काविळीनं सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होता, आणि तिथंच गेला. त्या वॉर्डाच्या सिस्टर सुंदरम्मा. बाराव्या दिवशी दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन माया व्हरांड्यात नुसती उभी होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. तेव्हा सिस्टरच तिच्याजवळ आल्या आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "चल अम्मा, माझ्या घरी दोन खोल्या रिकामा आहे." तेव्हापासून माया रेल्वे लाइन्स भागातल्या या घरात. स्वयंपाक करायचा, आजूबाजूच्या मुलींचे फ्रॉक शिवायचे. सिस्टर पुढं निवृत्त झाल्या. त्यांना ना मूल, ना माणूस. होतं ते हे रबराचं झाड. कुणा बाळंतिणीनं वीतभर फांदी आणून दिली होती, ती आता तेलाच्या डब्यातून निघून छताला टेकली होती, तिथून वाकून खिडकीवर आली होती. भर दुपारी दिवा लावावा लागे.

आवाजानं सिस्टर बाहेर आल्या. सगळा प्रकार पाहून त्यांनी आधीच हात आडवा केला. "कापायचा नाही. बत्तीस वर्षं मी माणसं वाचवली. म्हातारपणी झाड मारू?"

"मारायचं कोन म्हनतंय सिस्टरबाई?" तो आता दारात आला होता. नाव महिपती, होटगी रस्त्याच्या पलीकडं एका रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम. "गुटी बांधू. फांदी झाडावरच ऱ्हाती. एवढीशी साल काढायची, तितं ओलं शेवाळ गुंडाळायचं. फांदीला वाटतं, आपण जमिनीत हाय. ती मुळं सोडती. मुळं दिसली की मग कापायचं. तवर कात्री लावायची न्हाई. आमच्याकडं डाळिंबाची समदी रोपं अशीच करत्यात."

"आणि मूळ नाही आला तर?"

"तर फांदी हाय तितं सुखात हाय की. तिचं काय बिघाडलं?"

सिस्टरांनी चष्म्यातून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. दवाखान्यात नवा डॉक्टर आला की त्या असंच बघायच्या. "बांध," त्या म्हणाल्या.

"तीन फांद्या, तीन गुट्या. एक रोप माझं. दुसरं काय नको."

पुढच्या सोमवारी तो शेवाळ आणि प्लास्टिकचा कागद घेऊन आला. स्टुलावर चढला. मायाने फांदी धरायची.

"हात जरा वर... आनखी... बास."

चाकू गोल फिरला आणि बोटभर साल बांगडीसारखी निघून आली. पांढरा चीक भळभळ वाहायला लागला, मायाच्या मनगटावर ओघळला.

"आता?"

"आता थांबायचं. चीक थांबंस्तवर. घाई केली की आत कुजतं."

मग दोघं थांबले. एका फांदीच्या अलीकडं पलीकडं, चार बोटांच्या अंतरावर. करायला काही नव्हतं... बघायला तेवढी फांदी होती. मायाने तिच्यावरच्या रेषा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. त्याच्या बोटांना ओल्या मातीचा वास होता, आणि लहानपणच्या रानाचा. तिला तो वास नको होता, आणि हवाही होता.

शेवाळ बसलं, त्यावर कागद बसला, पण सुतळी काही बसेना. गुळगुळीत प्लास्टिकवरून ती घसरून खाली यायची. तेव्हा शिवणाच्या टोपलीतून मायाने शेजारच्या विणकराच्या मागावरचं टाकाऊ सूत काढलं, दुहेरी केलं आणि गुटीच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या.

महिपती त्या गाठींकडं बघतच राहिला.

"ही गाठ तर कोकराच्या गळ्याला बांधायची."

मायाने सूत ओढून बघितलं.

"वढली तर गळा आवळत न्हाई, अन् एका बोटानं सुटती. ही गाठ शहरातली बाई न्हाई मारत. कुटल्या तुमी?"

"मंगळवेढ्याकडची. आमच्या घरी मेंढरं होती."

"आन मी सांगोल्याचा! आमच्याकडं अजून हायत, चाळीस." तो एकदम खुलला. "तरीच. तुमी 'आहे, नाही' करून बोलता, मला वाटलं बामणाच्या शेजारी वाढलाय. जीभ बदलली तुमची. हात न्हाई बदलले."

त्या रात्री झोपताना मायाने आपले हात जरा वेळ निरखून पाहिले. मग स्वतःवरच चिडून ते पांघरुणात घेतले.

गुटीतलं शेवाळ वाळता कामा नये. म्हणून दर सोमवारी तो पाणी द्यायला यायचा. कागद न सोडता पाणी आत कसं घालायचं, यावर सिस्टरांनीच तोड काढली. कपाटातून त्यांची जुनी काचेची सिरिंज बाहेर आली. मग ते काम सोनीनं पटकावलं. महिपतीच्या खांद्यावर बसून ती गुटीत सुई टोचायची आणि झाडाला दटावायची, "रडायचं न्हाई. झालं, झालं."

"महिपतीमामा, आता दुसऱ्या फांदीला."

तो जिथल्या तिथं थबकला. "मामा नको म्हनूस गं बाय."

"मग काय म्हणू?"

"काकाबी नको..." त्याने डोकं खाजवलं. चोरून मायाकडं एक नजर टाकली. "नुसतं महिपती म्हन."

"मोठ्या माणसाला नावानं नाही हाक मारायची," माया चुलीकडून म्हणाली. "मामाच म्हण गं त्यांना."

"म्हंजे? तुमी मला राखी बांधनार?"

"बांधीन की. कोकराची गाठ मारून."

तो हसला, पण मायाने घाईनं चुलीत फुंकर घातली. कारण ती गाठ एका बोटानं सुटते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी कुंभारीहून आप्पा यायचे. मायाचे सासरे. खांद्यावर शेंगांची पिशवी, डोक्याला तांबडं मुंडासं, आणि सोनीला पाहिलं की डोळ्यांत पाणी. भिमा त्यांचा एकुलता एक. म्हातारा वाईट नव्हता, तीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

त्या रविवारी सोनीनं आजोबांना गुट्या दाखवल्या, सिरिंज दाखवली, खांद्यावर बसून काय काय दिसतं तेही सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चहाची बशी खाली ठेवली.

"माया, तू तरनी हायेस. उद्या कुणाशी पाट लावलास तर माझी ना न्हाई. आपल्यात त्याला कोन नावं ठेवत न्हाई." थोडं थांबून त्यांनी सोनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पर पोर भिमाची हाय. ती आमच्या उंबऱ्याला ऱ्हाईल. रीतच हाय तशी."

"तसलं काही नाही आप्पा," माया म्हणाली.

"नसंल. असलं तर सांगून ठिवलं."

रीत मायाला ठाऊक होती. तिच्या थोरल्या चुलतबहिणीनं नवरा गेल्यावर पाट लावला होता. तिचा मुलगा पहिल्या सासरी राहिला. पुढं जत्रेत भेटला, तेव्हा त्यानं आईला 'तुमी' म्हटलं होतं.

पाचवा सोमवार. बाहेर श्रावणाची भुरभुर, ऊन आणि पाऊस एकाच वेळी. सिस्टर आरामखुर्चीत पेपर वाचत होत्या. सोनी शेजारी खेळायला गेली होती, म्हणून सिरिंज महिपतीच्या हातात होती. तो पाठमोरा, गुटीकडं तोंड करून उभा होता.

"औंदा पाट लावायचा इचार हाय," तो म्हणाला.

आता, पाट म्हणजे रानात पाणी न्यायची चारी, आणि पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. पाण्याचा असेल तर पाट काढतात, सोडतात. 'लावतात' तो दुसरा. मेंढक्यांच्या घरात वाढलेल्या मायाला हे सांगायची गरज नव्हती. तिच्या कानांत एकदम गरम झालं. सिस्टरांची मराठी मात्र दवाखान्यात शिकलेली.

"सिमेंटचा कर," त्या पेपराआडून म्हणाल्या. "मातीचा पाट पाझरतो. पाणी फुकट."

"व्हय सिस्टरबाई. पक्काच करायचा. जन्मभर टिकंल असा."

माया भाजी निवडत होती. देठ कुठं, पान कुठं, काही कळत नव्हतं. "जागा पाहिलीय?" तिनं विचारलं.

"पाच आठवडं झालं, तेच बघतोय."

"जागेला विचारलंत?"

"त्येच तर इचारतोय..."

पेपराचं पान उलटलं. माया खूप खालच्या आवाजात म्हणाली, "त्या जागेत एक लहान रोप आहे."

"ठाव हाय मला. त्याला धरूनच पाट. रोपाला पानी मिळंल, सावलीबी धरीन मी."

"रोप मूळ धन्याच्या रानात राहतं. तशी रीत आहे. आणि रोप सोडून पाट न्यायचा तर..." तिला शब्द सापडेना. "तर पाट नको."

"का नको?" सिस्टर चष्मा काढून म्हणाल्या. "रोप उचल, दुसरीकडे लाव. त्यात अवघड काय आहे?"

सिरिंजच्या टोकाशी पाण्याचा थेंब धरला होता, तो थरथरत होता. महिपतीनं सिरिंज पुसून टेबलावर ठेवली.

"पुढच्या सोमवारपासून येऊ नका," माया म्हणाली. "पाणी मी घालीन."

"बरं," तो म्हणाला. सायकलचं खोकं बांधताना त्याला चार वेळा दोरी सोडावी लागली, हे तिनं खिडकीतून पाहिलं. मग खिडकीपासून दूर झाली.

सहावा सोमवार गेला. सातवा गेला. माया गुट्यांना पाणी घालायची, तेही न चुकता. सोनी विचारायची, महिपती कधी येणार? "काम आहे त्याला," माया सांगायची. दुपारी रस्त्यावरून सायकलची घंटी वाजली की शिवणाच्या मशीनवरचा तिचा पाय आपोआप थांबायचा. दूधवाला असायचा. पोस्टमन असायचा. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाजेपेक्षाही भीती. मन इतकं पुढं गेलंय आणि आपण इथंच?

एका दुपारी सिस्टर म्हणाल्या, "माया, तो पाट पाण्याचा नव्हता ना?"

मायाने मान खाली घातली.

"अय्यो! आणि मी सिमेंट सांगितला!" म्हातारी कपाळाला हात लावून बसली. हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अम्मा, दवाखान्यात मी एक बघितलं. माणसं दुखतं म्हणून नाही मरत. दुखतं ते सांगत नाहीत, म्हणून मरतात. तू तुझ्या सासऱ्याला काय पाहिजे ते सांगितला का कधी?"

नव्हतं सांगितलं. 'तसलं काही नाही आप्पा,' एवढंच सांगितलं होतं.

आठव्या आठवड्यात सोनी ओरडत आली, "आई, झाडाला दात आले!" माया स्टुलावर चढली. कागदाच्या आत शेवाळातून पांढरी, टोकदार मुळं बाहेर आली होती. एका गुटीत, दुसरीत, तिसरीतही.

त्याच दिवशी तिनं महिपतीला पोस्टकार्ड लिहिलं. सहावीपर्यंतच्या शाळेतलं अक्षर, गोल आणि सावकाश. 'मुळे दिसली. रविवारी कात्री घेऊन यावे.' खाली सही करताना थांबली... मग पूर्ण नाव लिहिलं, मायाक्का. तो रविवार महिन्याचा पहिला होता. हे तिनं मुद्दाम केलं होतं.

महिपती आला तेव्हा आप्पा खुर्चीत बसले होते. त्यानं वाकून नमस्कार केला. आप्पांनी नुसतं "हं" म्हटलं. खोलीत कात्रीचाच आवाज होता. गुटीच्या खाली एक काप, चिकावर चुलीतली राख, रोप डब्यात. एक, दोन, तीन. मूळ झाड छताखाली एकदम लहान, उघडं दिसायला लागलं. खिडकीतून इतकी वर्षं अडलेला उजेड आत आला आणि थेट आप्पांच्या तोंडावर पडला. ते डोळे मिचकावत राहिले.

"आप्पा," माया म्हणाली. तिनं आवाज खाली केला नाही. आणि आज तो गावाकडचा होता. "मला पाट लावायचाय. ह्यांच्यासंगं. अन् सोनी माझ्यापाशी ऱ्हानार."

महिपतीच्या हातातली माती हातातच राहिली.

"दोनी कसं व्हईल?" आप्पा म्हणाले. "पंच काय म्हनतील?"

"पंचांचं जाऊ द्या. तुमी काय म्हनता?"

म्हाताऱ्यानं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. त्यांचं टक्कल पडलेलं डोकं मायाने पहिल्यांदाच पाहिलं. "मला एकच लेक व्हता, पोरी," ते म्हणाले. "घरात त्याचं म्हनून एवढंच उरलंय. सकाळी उठून कुनाचं तोंड बघायचं म्या?"

महिपतीनं हात पुसले आणि तो आप्पांच्या समोर, खाली फरशीवर येऊन बसला.

"मी कुंभारीत खोली घेतो. तुमच्या शेजारी. सकाळी पोर तुमच्याकडं, सांजच्याला आमच्याकडं. रोपवाटिकेत सायकलनं जाईन."

"येडा हायेस का? मान्सं हसतील. म्हनतील, मेलेल्याच्या दारात घरजावई."

"हसूंद्या की. चाळीस मेंढरं घेऊन बाजारातनं जाताना लई जन हसलेत मला. सवय हाय."

"अन् तुझी आई?"

"आईबी यील. मेंढरंबी येतील. चार तुमाला राखाय देतो, दिवस घालवाय."

आप्पांच्या मिशीचं टोक हललं. तेवढंच. मग चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. "पोरीचं नाव?"

"नाव भिमाचंच. शाळंत त्येच, तिच्या लग्नातबी त्येच. माजं नाव तिच्यापुढं लागनार न्हाई. हे सिस्टरबाईंसमोर सांगतो."

सिस्टरांनी नाकावरचा चष्मा सरळ केला, साक्षीदारासारखा.

आप्पांनी मुंडासं पुन्हा बांधायला घेतलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. बांधून झाल्यावर ते मायाकडं न बघताच म्हणाले, "पिशवीत शेंगा हायत. भाज अन् घाल त्याला. उन्हाचा सायकल मारत आलाय, उपाशी असंल."

महिपतीनं वर पाहिलं. चिकानं आणि मातीनं भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून तो तिच्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात आता पाट, रोप, पाणी असलं काहीच नव्हतं. सरळ बघणं होतं. "मायाक्का," तो म्हणाला. पहिल्यांदाच, नुसतं नाव. तिनं डोळे मिटून ते ऐकलं.

शेंगांची पिशवी घेऊन ती आत वळली, तेव्हा सोनी दारातच उभी होती. ती कधीपासून तिथं होती, कुणालाच कळलं नव्हतं. तिनं एकदा आजोबांकडं पाहिलं, एकदा महिपतीकडं, आणि मग आईचा पदर धरून अगदी हळू, जणू कुणी झोपलंय आणि उठेल अशा आवाजात, विचारलं —

"आई... माझ्या बाबाला हे कोण सांगणार?"